नव्या नोंदीचा दरवाजा

शाळेच्या कचेरीतले जनरल रजिस्टर आपण पाहिलेच असेल. नव्या मुलाचे नाव चढवायचे तर कारकून कपाट उघडतो, मागचा क्रमांक पाहतो आणि पुढच्या ओळीत नाव लिहितो. हीच वही संगणकावर आणली, म्हणजे कपाटाची किल्ली कोणाकडे राहिली?

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसचेच उदाहरण घ्या. १९९२ साली ते बाजारात आले. त्यात माहिती राहते तक्त्यात, आणि आपण पाहतो तो फॉर्म म्हणजे त्या तक्त्याला बसवलेली खिडकी. ही खिडकी भारीच उदार, बरं का! शेवटच्या नोंदीपुढे एक कोरे पान ती उघडे ठेवते. शेवटच्या रकान्यात टॅबची कळ दाबली की आपण त्या पानावर. तिथं एक अक्षर उमटलं की नवी नोंद सुरू. आणि तिथून हललात की ती साठवलीही जाते. ‘ठेवू का?’ असे कोणी विचारत नाही.

आता समजा, कोणी एका मुलीचे नाव शोधायला आला आणि ते कोऱ्या पानावरच लिहून बसला. झाली तिची दुसरी नोंद! पुढे फी एका नोंदीवर जमा होते, गुण दुसरीवर चढतात, आणि वडील दाखला मागायला येतात तेव्हा फी थकलेली दिसते.

म्हणून शोधण्याचा फॉर्म वेगळा ठेवावा व त्याचा ‘अलाव अ‍ॅडिशन्स’ हा गुणधर्म ‘नो’ करावा. कोरे पान नाहीसे होते. मात्र शोधलेले नाव सापडले नाही, तर फॉर्मचा मधला भाग, चौकटींसकट, रिकामा दिसतो. फॉर्म बिघडला असे समजून घाबरू नये. ‘डेटा एन्ट्री’ हा गुणधर्म याच्या उलट. तो ‘येस’ केला की जुन्या नोंदी लपतात, फक्त कोरे पान उरते. नाव मोठे फसवे आहे! सगळी माहिती पुसली गेली, असा ओरडा पुष्कळदा होतो तो यामुळेच. तो फक्त नव्या प्रवेशाच्या फॉर्मला लावावा.

नोंद साठवण्यापूर्वी ‘बिफोर अपडेट’ ही घटना घडते. तिथे नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख ताडून पाहता येते. जुळली तर विचारावे. सरसकट अडवू मात्र नये, कारण एकाच नावाची, एकाच तारखेला जन्मलेली दोन मुले असू शकतात.

अडवायचे ते रजिस्टर क्रमांकावर, आणि तेही फॉर्ममध्ये नव्हे, तर तक्त्यातच. कोणी थेट तक्ता उघडला किंवा एक्सेलमधून नावे आत ओतली, तर फॉर्मचे कुलूप तिथे कामाचे नाही. त्या रकान्यावर ‘नो डुप्लिकेट्स’ अशी अनुक्रमणिका बांधावी. क्रमांक आधीच दोनदा पडले असतील, तर अ‍ॅक्सेस ती बांधूच देत नाही. तेव्हा जुने रजिस्टर शेजारी उघडून बसावे, आणि एकेक दुहेरी क्रमांक आधी सोडवावा.