किती उपचार पुरेसे?

घरात कर्करोगाचे निदान झाले की डॉक्टरांकडे पहिली मागणी होते ती 'असतील नसतील ते सर्व उपचार करा' अशी. ही मागणी स्वाभाविक असली, तरी ती नेहमीच हिताची असते असे नाही. हॉजकिन्सच्या रोगाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

टॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली लंडन येथे वर्णन केलेला लसिकाग्रंथींचा हा रोग शतकाहून अधिक काळ असाध्य मानला जात असे. रोग थोड्या ग्रंथींपुरता मर्यादित असताना किरणोपचार केल्यास रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो, हे टोरँटोच्या डॉ. व्हेरा पीटर्स यांनी १९५० साली दाखवून दिले. पुढे स्टॅनफर्डच्या डॉ. हेन्री कॅप्लान यांनी छाती-मानेसारख्या विस्तृत भागावर मोठ्या मात्रेने किरण देण्याची पद्धती रूढ केली. रुग्ण बरे झाले. परंतु दहा-वीस वर्षांनी त्यांपैकी काहींना हृदयविकाराने, तर काहींना किरण पडलेल्या जागीच उद्भवलेल्या नव्या कर्करोगाने गाठले. तरुणपणी छातीवर किरण घेतलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका विशेष वाढला. हा रोग पुष्कळदा ऐन विशी-तिशीत होतो. तेव्हा बऱ्या झालेल्या माणसाला पुढे चाळीस-पन्नास वर्षे काढावयाची असतात, हे विसरून चालत नाही.

मिलानच्या डॉ. बोनाडोना यांनी १९७५ साली चार औषधांचा संयोग मांडला. त्यातील एक औषध हृदयाला व दुसरे फुप्फुसाला अपायकारक होऊ शकते. मात्र औषधे आणि किरण एकत्र आणले, तर दोहोंचे प्रमाण घटविता येते. रोग प्रारंभिक व लक्षणे अनुकूल असतील, तर औषधांची दोन आवर्तने व २० ग्रे किरण हे चार आवर्तने व ३० ग्रे यांच्याइतकेच गुणकारी ठरतात, असे जर्मन संशोधकांनी २०१० साली सिद्ध केले.

मग किरण पूर्णच का वगळू नयेत? ब्रिटनमध्ये तीन आवर्तनांनंतर 'पेट स्कॅन' निर्दोष आलेल्या रुग्णांवर हा प्रयोग झाला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांनी किरण घेतलेल्यांपैकी ९४.६ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी ९०.८ टक्के रुग्ण रोगमुक्त होते. एकूण आयुर्मानात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही, कारण रोग उलटलेल्यांवर पुन्हा उपचार करता येतात. अर्थात ते अधिक जड असतात.

आपल्याकडील अनुभवही ध्यानात घ्यावा लागेल. मुंबईच्या टाटा रुग्णालयात सहा आवर्तनांनंतर रोग नाहीसा झालेल्या १७९ रुग्णांपैकी किरण घेतलेले १०० टक्के, तर न घेतलेले ८९ टक्के आठ वर्षांनी हयात होते, असे २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मुले व पुढच्या अवस्थेतील रुग्णही होते, म्हणून ही तुलना जपून केली पाहिजे. तरीही जेथे 'पेट स्कॅन' परवडत नाही आणि गावी परतलेला रुग्ण फेरतपासणीस येईलच याची शाश्वती नाही, तेथे किरण वगळणे धोक्याचे ठरू शकते, एवढे तरी म्हणता येईल.

छातीत गाठ असलेली बावीस वर्षांची मुलगी आणि मानेत गाठ असलेला पन्नाशीचा गृहस्थ यांना एकच उत्तर लागू पडणार नाही. आज रोग उलटण्याचा धोका किती आणि वीस वर्षांनंतरचा अपाय किती, हे दोन्ही हिशेब डॉक्टरांनी रुग्णापुढे उघडे मांडले पाहिजेत. आणि रुग्णानेही, 'सर्व उपचार करा' असे म्हणण्यापूर्वी, ते विचारले पाहिजेत.