सैनिकाच्या मुलाचे गाव कोणते?

बेळगाव हे जसे व्यापाराचे आणि शाळा-कॉलेजांचे गाव आहे, तसेच ते पलटणीचेही गाव आहे. १८१८ साली येथील किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे त्याच्या आसऱ्याने छावणी वसली. १७६८ साली उभ्या राहिलेल्या जंगी पलटणीचा वारसा सांगणाऱ्या मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून येथेच आहे. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी आणि सीमेपलीकडील चंदगड, गडहिंग्लज, कागल, शिरोळ या तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या तरुण पलटणीत भरती होत आले आहेत. शिरोळ तालुक्यातील एका गावाने तर ‘सैनिक टाकळी’ असेच नाव धारण केले आहे.

या सैनिकांच्या पराक्रमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व ते योग्यच आहे. इटलीच्या रणभूमीवर १९४४ साली नाईक यशवंत घाडगे यांनी आणि १९४५ साली शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, हे पलटणीतील प्रत्येक रंगरूट जाणतो. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने दक्षिण महाराष्ट्रातील काही गावांत शिळा बसविल्या. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके परत आले नाहीत, असा हिशेब त्यांवर कोरलेला आहे. मात्र जे गेले त्यांच्या पाठीमागे घरी किती मुले होती, हा आकडा कोणत्याही शिळेवर नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ती मुले हा आहे. सैनिकाच्या मुलाचे बालपण कसे घडते, त्याला काय लाभते आणि काय अंतरते, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

सैनिकाच्या मुलाचे बालपण तीन ठिकाणी जाऊ शकते : गावातील घरी, पलटणीच्या क्वार्टरमध्ये किंवा वसतिगृहात. पुष्कळ मुलांच्या वाट्याला तर ही तिन्ही ठिकाणे एकामागून एक येतात.

प्रथम गावचे घर पाहू. पलटण सरहद्दीवर असली म्हणजे कुटुंबाला तेथे नेता येत नाही. शांततेच्या ठाण्यावर ती आली तरी सर्वांना पुरतील इतकी क्वार्टर्स असतातच असे नाही. मग मुले आई आणि आजी-आजोबांजवळ गावी राहतात. जवानाला वर्षाकाठी साठ दिवसांची वार्षिक व तीस दिवसांची किरकोळ रजा असते. ती सारीच्या सारी मिळाली असे धरले, तरी गावी वाढणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाने आपल्या वडिलांना जेमतेम अडीच वर्षे पाहिलेले असते. तीही सलग नव्हेत. पेरणीला आठ दिवस, बहिणीच्या लग्नाला पंधरा दिवस, अशी तुटक तुटक.

या मुलाचे वडील म्हणजे एक काळी लोखंडी पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेले नाव व नंबर, आणि पोस्टाचा एक पत्ता. तो पत्ताही विलक्षण. त्यात गाव नाही, जिल्हा नाही; नाव, नंबर, पलटण आणि शेवटी ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’. पलटण कोठे आहे हे शत्रूला कळू नये म्हणून सैन्याच्या टपाल खात्याने ही व्यवस्था केली आहे. ५६ क्रमांकाची पत्रे दिल्लीच्या आणि ९९ क्रमांकाची कलकत्त्याच्या मुख्य लष्करी टपालघरात जातात व तेथून पुढे पलटणीच्या ठिकाणी रवाना होतात. व्यवस्था चोख आहे यात संशय नाही. परंतु चौथीतले पोर भिंतीवरच्या नकाशात वडिलांचे गाव शोधू लागते, तेव्हा ‘छप्पन्न एपीओ’ त्याला कोठेच सापडत नाही. आज हातोहाती मोबाइल आले, चेहरा दिसतो, बोलणे होते. तरीही ‘बाबा, तुम्ही कुठे आहात?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा मिळत नाही ते नाहीच.

अशा घरात आईच कर्ती असते. निपाणीकडील तंबाखूच्या शेतात मजूर लावणे, सोसायटीचे कर्ज फेडणे, तलाठ्याकडे खेटे घालणे, सासू-सासऱ्यांचे दुखणेखुपणे आणि मुलांचा अभ्यास हे सारे तिच्याच शिरावर असते. घरातील थोरला मुलगा किंवा मुलगी मग वयाच्या आधीच मोठी होते. बाजारहाट आणि बँकेचे काम तिसरी-चौथीपासून त्यांच्या अंगवळणी पडते. लोक त्यांचे कौतुक करतात. ते कौतुक रास्तच आहे. परंतु त्या पोरांचे खेळण्याचे दिवस या कामांत खर्ची पडले, हेही ध्यानात ठेवावे.

आता पलटणीतील बालपण पाहू. कुटुंबाला क्वार्टर मिळाले की मुलाचे जग एकदम विस्तारते. शेजारी पंजाबी, पलीकडे तामिळ, समोर गढवाली. हिंदी तर खेळता खेळताच येते. दवाखाना, कँटीन, खेळाचे मैदान, वेळच्या वेळी उठणे-बसणे यांचा लाभ होतो. गणपती, गुरुपूरब, ओणम सारेच सण आपले होतात. जातीपातीचे जे काच गावच्या आळीत जाणवतात ते येथे पुष्कळच सैल असतात. अर्थात तेथेही उच्चनीचता मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. साहेबांचे बंगले वेगळे, सुभेदारांची घरे वेगळी, जवानांची वेगळी. कोणाचे वडील कोणत्या हुद्द्यावर आहेत हे मुलांना फार लवकर उमगते.

छावणीतील शिक्षणाचे सामर्थ्य किती असते, याचे सर्वांत थोर उदाहरण आपल्याच मराठी मुलखातले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे सैनिकाचे पुत्र. त्यांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. कंपनी सरकारच्या सैन्यात शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, असे बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवले आहे. ज्यांना गावच्या शाळेचे दार बंद होते त्यांच्या घरात पलटणीमुळे अक्षर आले. परंतु छावणीच्या फाटकाबाहेर जग तेच होते. वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब साताऱ्यास राहिले. १९०१ साली दूरच्या गावी नोकरीस असलेल्या वडिलांना भेटावयास ही मुले नीटनेटके कपडे घालून निघाली. येत असल्याचे पत्र पोहोचले होते, पण नोकराने ते वडिलांच्या हाती दिलेच नाही. मसूर स्टेशनवर कोणी न्यावयास आले नाही, आणि जात कळताच गाडीवान गाडीत घेईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकली, तेव्हा कोठे वाट सरली. पुढे १९४१ साली महार रेजिमेंटची पहिली पलटण बेळगावातच उभी राहिली, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते.

पलटणीतील बालपणाची खरी अडचण बदलीची आहे. दर दोन-तीन वर्षांनी ठाणे बदलते आणि त्याबरोबर शाळा, पुस्तके, मित्र सारेच बदलते. पूर्वी तर प्रत्येक प्रांताचा अभ्यासक्रम निराळा असल्याने मुलाचे वर्ष वाया जाई. ही हानी ओळखूनच केंद्र सरकारने १९६२ साली मध्यवर्ती शाळांची योजना मंजूर केली आणि १९६३ साली वीस पलटणी शाळा ताब्यात घेऊन तिला आरंभ केला. तीच आजची केंद्रीय विद्यालये. देशभर एकच अभ्यासक्रम असल्याने जोधपूरला सुटलेला धडा मूल बेळगावात पुढे वाचू शकते.

तिसरी वाट वसतिगृहाची. बेळगावची लष्करी शाळा १९४५ साली किंग जॉर्ज यांच्या नावाने निघाली, ती मुख्यतः सैनिकांच्या मुलांसाठी. १९५२ साली तिची पुनर्रचना होऊन इतरांनाही प्रवेश खुला झाला. १९६६ साली ती ‘मिलिटरी स्कूल’ आणि २००७ साली ‘राष्ट्रीय मिलिटरी स्कूल’ झाली. अशा शाळा देशात पाचच आहेत व त्यांतील एक आपल्या दाराशी आहे. सहावी व नववीसाठी प्रवेश परीक्षा असते आणि अलीकडे मुलींनाही प्रवेश मिळू लागला आहे. याखेरीज साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून आणि विजापूरची १९६३ पासून चालू आहे. वसतिगृहात शाळा बदलत नाही, शिस्त लागते, मित्र जन्माचे मिळतात. मात्र वडिलांपाठोपाठ आईही दूर होते, हे त्याचे मोल आहे.

सीमाभागातील सैनिकाच्या मुलापुढे आणखी एक अडचण आहे व ती भाषेची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणीचा प्रदेश मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. येथील मुलाला घरी मराठी, कचेरीत व शाळेत कन्नड, पलटणीत हिंदी आणि परीक्षेत इंग्रजी. चार भाषा येणे हे भाग्यच म्हणावयाचे. पण प्रत्यक्षात पुष्कळदा असे होते की, मूल मराठी बोलते, परंतु वाचू शकत नाही. कन्नड तर त्याच्या कानावरूनही गेलेली नसते. सहावी-सातवीत वडिलांची पलटण सरहद्दीवर गेली आणि मूल गावी परतले, की हुशार मूल एका दिवसात ‘ढ’ ठरते. दोष बुद्धीचा नसतो. चार वर्षे ज्या लिपीशी गाठ पडली नाही ती लिपी समोर येते, एवढेच.

सर्वांत कमी बोलले जाते ते वडिलांच्या परत येण्याविषयी. जवान बहुधा पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. (२०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत तर बहुतेक तरुण चार वर्षांनीच परततात, त्यांचे प्रश्न निराळे.) गावात हार-तुरे होतात, मिरवणूक निघते. तेव्हा मूल बारा-चौदा वर्षांचे असते. आजवर वडील म्हणजे रजेतला पाहुणा, खाऊ आणणारा, कधी न रागावणारा. तोच आता रोज घरात असतो आणि पहाटे पाचला उठवतो. घर आईच्या शिस्तीने चालत आलेले असते, तेथे पलटणीची शिस्त येते. वडिलांना वाटते, पोरगे ऐकत नाही. पोराला वाटते, हे कोण सांगणारे? येथे वाईट कोणीच नसते. दहा वर्षांची ओळख दहा दिवसांत होत नाही, इतकेच. जी घरे हे समजून वर्ष-दोन वर्षे धीर धरतात ती सावरतात. हे आधी कोणी सांगितले तर कित्येकांचा मनस्ताप वाचेल, म्हणून मुद्दाम लिहिले.

आता कर्तव्याविषयी दोन शब्द. मुलाच्या जन्माची नोंद वडिलांच्या पलटणीच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये झाली आहे की नाही, नावाचे स्पेलिंग शाळेच्या दाखल्याशी जुळते की नाही, हे प्रत्येक घराने आजच पाहावे. सवलती, शिष्यवृत्त्या आणि दुर्दैवाने प्रसंग ओढवल्यास निवृत्तिवेतन या साऱ्यांची वाट त्या एका नोंदीतून जाते. राज्य सरकारच्या योजना अधिवासावर अवलंबून असल्याने निपाणीच्या माणसाने बेळगावच्या आणि कागलच्या माणसाने कोल्हापूरच्या सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. शिक्षकांनी वर्षाच्या मध्यावर आलेल्या सैनिकाच्या मुलाला नापास धरण्याऐवजी लिपी शिकण्यास सहा महिने द्यावेत. समाजाच्या संस्थांनी वसतिगृहात एखादी जागा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मराठी-कन्नड वाचनाचा एखादा वर्ग या मुलांसाठी राखावा. यास फार द्रव्य लागत नाही.

‘तुझे गाव कोणते?’ असे विचारले की ही मुले क्षणभर थांबतात. जन्म एका छावणीत, पहिली दुसरीकडे, पाचवी तिसरीकडे. मग ती आजोबांच्या गावाचे नाव सांगतात. जेथे ती कदाचित एक वर्षही सलग राहिलेली नसतात, त्या गावाला ती आपले म्हणतात. त्या गावानेही त्यांना आपले म्हणावे, एवढेच मागणे आहे.