सोलापूरचा हापसा

इंडिया मार्क टू हा हातपंप जगात सर्वाधिक वापरला गेलेला हातपंप मानला जातो. युगांडापासून घानापर्यंत आफ्रिकेतल्या हजारो खेड्यांत लोक त्याच्यावर पाणी भरतात. त्याचा मूळ नमुना सोलापूरचा. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी दुष्काळी खेड्यांत जे पाणीकाम उभे केले, त्यातून हा हापसा घडत गेला.

सोलापूरचा मुलूख अवर्षणाचा. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. मातीच्या थराखाली काळा पाषाण, आणि पाणी असलेच तर त्या पाषाणाच्या भेगांत. चार-पाच परस विहीर खणायची तर सुरुंग लावत महिनोन् महिने जात, आणि दुष्काळात नेमकी तीच विहीर आटे. 1966-67 च्या बिहारमधल्या दुष्काळानंतर दाबाच्या हवेवर चालणारी खोदयंत्रे युनिसेफने भारतात आणली. जिथे पहारीचे काही चालत नव्हते तिथे ही यंत्रे एक-दोन दिवसांत बोअर पाडू लागली. महाराष्ट्रातल्या मिशनांनीही हे काम अंगावर घेतले होते. 1972 च्या दुष्काळात तर बोअर हाच खेड्यांचा आधार झाला.

बोअर पडले, पाणीही लागले. घोडे अडले ते हापशावर. तेव्हा बसवले जाणारे बिडाचे हापसे मुळात युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांसाठी बेतलेले होते. एका कुटुंबाने दिवसातून काही बादल्या पाणी काढावे एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. इकडे त्याच हापशावर पहाटेपासून रात्रीपर्यंत दोन-तीनशे माणसांच्या घागरी लागत. सांध्यांच्या खिळी झिजत, दांडा खिळखिळा होई, बीड तडकून जाई. 1970 च्या दशकाच्या मध्यास केलेल्या पाहणीत सुमारे 75 टक्के हापसे बंद आढळले. बोअरचा खर्च झालेला, पाणी खाली तसेच, आणि बायका पुन्हा जुन्या आडाच्या वाटेवर, असे चित्र गावोगाव होते.

यावर पहिले उत्तर शोधले ते मिशनांच्या कारखान्यांनी. जालन्याच्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनमध्ये बीड टाकून पोलादी हापसा बनवला गेला. सोलापूर वेल सर्व्हिसने त्यात मोलाच्या सुधारणा केल्या. या कामाशी ऑस्कर कार्लसन यांचे नाव जोडले जाते.

सोलापूरच्या हापशाची खरी करामत त्याच्या डोक्यात, म्हणजे वरच्या पोलादी पेटीत आहे. जुन्या हापशात दांडा आणि खाली जाणारी सळई खिळीने जोडलेली असे. दांडा कमानीत फिरतो, सळईला मात्र सरळ वरखाली जायचे असते. त्यामुळे दांडा हलवला की दर वेळी सळई कडेला घासे. सोलापुरी रचनेत दांड्याच्या टोकाला वर्तुळाच्या चतकोरासारखा पोलादी तुकडा आला आणि त्यावरून सायकलच्या साखळीसारखी साखळी सोडली गेली. दांडा कसाही फिरो, साखळी त्या गोलाईवर बसते आणि ओढ नेहमी बोअरच्या मधोमध, सरळ राहते. अनेक सांध्यांच्या जागी एकच आस आला. तो बंदिस्त बेअरिंगवर फिरतो. त्यात धूळ शिरत नाही आणि रोज वंगण घालायला कुणी लागत नाही. दांडा भरीव पोलादाचा असल्याने त्याचे वजन सळयांच्या वजनाला तोलून धरते, आणि दहा-बारा वर्षांची पोरही हापसू शकते. हापशाचा खांब बोअरच्या पाइपावर न टेकता सभोवतीच्या काँक्रीटमध्ये रोवला जातो, त्यामुळे धक्के ओट्यात जिरतात आणि सांडलेले घाण पाणी बोअरमध्ये परतत नाही.

या साखळीची एक अटही आहे. साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. दट्ट्या खाली जातो तो सळयांच्या स्वतःच्या वजनाने. म्हणून पाणी जितके खोल, सळया जितक्या जास्त, तितका हा हापसा समाधानाने चालतो; उथळ पाण्यावर साखळी सैल पडते. खडकाळ, खोल पाण्याच्या दख्खनला शोभणारे हे यंत्र आहे.

हाच गाभा घेऊन युनिसेफ, भारत सरकार आणि अभियंत्यांनी मार्क टू बेतला. कोइमतूरच्या परिसरात, खोल पाण्याच्या आणि गर्दीच्या बोअरवर त्याची चाचणी झाली. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्यात उत्पादन सुरू झाले आणि 1979 मध्ये आयएस 9301 हे मानक ठरले. रचनेवर कुणाचा हक्क राखून ठेवला नाही, हा निर्णय फार मोठ्या मनाचा होता. त्यामुळेच देशभर कारखाने उभे राहिले. नळकांड्याचा व्यास 63.5 मिलीमीटर, दट्ट्याची चाल सुमारे 125 मिलीमीटर. म्हणजे दांडा एकदा हापसला की साधारण 400 मिलीलिटर पाणी, आणि पंधरा लिटरची घागर भरायला तो चाळीसेक वेळा हापसायचा.

हापसा कुठे बसतो, यालाही यंत्राइतकेच महत्त्व आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याला लागून असलेल्या जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दाम्पत्य आले. खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य द्यायचे, हा शब्द त्यांनी लग्नाच्या वेळीच एकमेकांना दिला होता. त्याआधी वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करताना त्यांना दिसले, की बरे होऊन गेलेले रोगी तीच दुखणी घेऊन परत येतात; मुळाशी घाण पाणी आणि अर्धपोटी मुले. जामखेडला दुष्काळात बोअर घेताना त्यांनी हापसे मुद्दाम दलित वस्तीत बसवले. पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावे लागले. शेतकरी मंडळांनी बांधबंदिस्ती केली, झाडे लावली. आरोळ्यांच्या आरोग्य प्रकल्पाच्या गावांत 1971 मध्ये हजारी 176 असलेले बालमृत्यूंचे प्रमाण 1976 पर्यंत 52 वर आले.

आफ्रिकेत मार्क टू सरकारी योजनांबरोबर मिशनांच्या आणि मदतसंस्थांच्या हातून पोचला. युगांडाने त्यावरून आपला यू टू हापसा बनवला. अनेक गावांत ओट्यावरून वाहून जाणाऱ्या पाण्यावर बायका भाजीचे वाफे करतात, कुठे गुरांसाठी हौद बांधतात.

अडचणी जमिनीखालच्या भागात आहेत. दट्ट्याचा वायसर झिजला तरी तो बदलायला सगळे पाइप उपसावे लागतात. चाळीस मीटर लोखंडी पाइप काढायचा म्हणजे तिकाटणे, पाने आणि चार-पाच दणकट माणसे. गावाला हे जमत नाही, आणि तालुक्याचा मिस्त्री येईपर्यंत आठवडे जातात. यासाठी मार्क थ्री निघाला. त्याचा पाइप रुंद असल्याने दट्ट्या पाइप न काढता वर ओढता येतो. पण तो पाइप महाग आणि जड, म्हणून मार्क टू हटला नाही.

दख्खनमध्ये दुसरेच संकट आले. हापसा साधारण पन्नास मीटरपर्यंतचे पाणी उचलतो. उसाला आणि फळबागांना पाणी देणारी विजेवरची बोअर त्याच्या कितीतरी खाली गेली, आणि उन्हाळ्यात हापसा नुसती हवा ओढू लागला. यंत्र शाबूत, पाणी पळालेले. हा दोष हापशाचा नाही, आणि तो पान्याने दुरुस्त होणाराही नाही. 2019 पासून जल जीवन मिशनने घरोघरी नळ देण्याचे काम हाती घेतले. तरी ज्या वस्तीत वीज जाते किंवा नळाला आठवड्याने पाणी येते, तिथे हापसा लागतोच.

आफ्रिकेत पाणी उथळ आहे तिथे अडचण वेगळी, पाइप गंजतो. अनेक भागांत भूजल आम्लधर्मी आहे. जस्ताचा मुलामा काही महिन्यांत खाल्ला जातो, पाणी तांबूस येते, चव बिघडते आणि बायका पुन्हा ओढ्याकडे वळतात. युगांडा सरकारने 2016 मध्ये हापशांसाठी असे जस्त चढवलेले पाइप वापरणे थांबवले. त्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलचे किंवा प्लॅस्टिकचे पाइप येत आहेत. वरची पेटी, साखळी आणि दांडा मात्र तेच ठेवता येतात.