न बोलणाऱ्यांची शिरगणती

लोकशाहीत डोकी मोजली जातात हे खरे; पण मोजले जाण्यासाठी आधी हात वर करावा लागतो. ज्याला हात वर करण्याचेच भय वाटते त्याची गणना कशी करावयाची? ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचे मोठे विलक्षण उत्तर दिले. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणाऱ्या दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमाची नांगी दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली मोडली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बसवून दिली. त्यासाठी जी कारणे दिली, त्यांत एक असे की, अशा व्यक्तींची संख्या देशात अत्यल्प आहे आणि नोंदल्या गेलेल्या निकालांवरून पाहता दीडशे वर्षांत या कलमाखाली दोनशे माणसांवरही खटले झालेले नाहीत.

सरकारने न्यायालयापुढे ठेवलेला अंदाज २५ लाखांचा होता. तोही एड्सनियंत्रणाच्या कामासाठी काढलेला आणि केवळ पुरुषांचा; स्त्रिया त्यात धरलेल्याच नव्हत्या. पण आकडा कितीही असो, उघड होताच तुरुंगाचे दार दाखविणारी ओळख माणसे आपण होऊन नोंदवतील कशी? आधी तोंड दाबावयाचे आणि मग आवाज क्षीण आहे म्हणून दाद द्यावयाची नाही, असा हा न्याय झाला.

मराठीत तर ही अडचण व्याकरणापासूनच सुरू होते. प्रिय व्यक्तीविषयी एखादे वाक्य उच्चारावे, तर क्रियापद तिचे लिंग सांगून मोकळे होते. 'तो आला' आणि 'ती आली' यांतून सुटका नाही. आदरार्थी बहुवचनाचा आसराही 'ते' आणि 'त्या' यांच्यापाशी संपतो. 'आपले माणूस' एवढी एकच पळवाट भाषेने ठेवली आहे. बाकीचे जे शब्द आहेत ते एक तर वैद्यकाच्या पुस्तकातले, नाही तर शिवीच्या जातीचे. अशा शब्दांत प्रेमपत्र लिहिता येत नाही. १९८१ साली विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आले. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या सुमित्रेची ती कहाणी. पण ती प्रेक्षकांना सांगतो तिचा मित्र बापू.

तेंडुलकरांच्याही पुष्कळ आधी घरात तोंड उघडू न शकणारी माणसे र. धों. कर्वे यांना पत्रे लिहीत. 'समाजस्वास्थ्य' मासिकात त्यांच्या खाजगी शंकांना उत्तरे छापली म्हणून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. समलिंगी संबंधांविषयीच्या शंकाही त्यांत होत्या. १९३४ साली कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. खटला ते हरले. मात्र ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी जे भाषण केले, त्यात घटनात्मक नीती ही मुद्दाम जोपासावी लागते असे बजावले आणि अल्पसंख्याकांना भेदभावाने न वागविणे हे बहुसंख्याकांचे कर्तव्य असल्याचे सांगितले. अल्पसंख्याक म्हणजे केवळ धर्माचे वा जातीचे, असा अर्थ आपण सोयीने करून घेतला, इतकेच.

आता लोकप्रतिनिधींकडे वळू. १८ डिसेंबर २०१५ रोजी शशी थरूर यांनी हे कलम सुधारणारे खाजगी विधेयक मांडण्याची अनुमती लोकसभेत मागितली. विधेयक संमत करा असे नव्हे, नुसते मांडू द्या! एरवी अशी अनुमती सहसा कोणी नाकारीत नाही. येथे ती ७१ विरुद्ध २४ मतांनी नाकारली गेली. ५४३ मतदारसंघांच्या सभागृहात मत द्यायला शंभर जणही नव्हते. पुढल्या मार्चमध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तेव्हाचे आकडे ५८ आणि १४. या सभासदांना दोष तरी किती द्यावा? ज्याच्या मतदारसंघात या प्रश्नावर कोणी तोंडच उघडत नाही, त्याला विरोधाची किंमत मोजावी लागत नाही. पाठिंब्याची मात्र लागेल असे भय वाटते.

शेवटी चूक सुधारली ती न्यायालयानेच. २०१७ च्या खाजगीपणाच्या निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 'अत्यल्प संख्येचा' युक्तिवाद फेटाळला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनात्मक नीतीचा आधार घेऊन पाच न्यायमूर्तींनी प्रौढांच्या संमतीचे संबंध ३७७ च्या कक्षेबाहेर काढले. पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा प्रश्न आला, तेव्हा न्यायालयाने तो संसदेचा प्रांत ठरविला. फेरविचाराचे अर्जही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले. म्हणजे दाद मागावयाची ती विधेयक मांडूही न देणाऱ्या सभागृहाकडे.

तूर्त २८ ऑगस्ट २०२४ च्या सरकारी खुलाशाने एवढे झाले आहे की, अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि एकमेकांचे नाव नामनिर्देशित व्यक्ती म्हणून नोंदविण्यास कोणतीही आडकाठी नाही. नामनिर्देशनाच्या छापील अर्जावर खातेदाराशी असलेल्या नात्याचा एक रकाना असतो. त्यात लिहावयाचा शब्द मात्र कायद्याने अजून दिलेला नाही.