अर्धा शिक्का

मुखेडच्या एका शिक्षकमित्राने दिवाळीच्या सुटीत घरातली जुनी ट्रंक उघडली. तीत आजोबांच्या नावे आलेले एक पाकीट निघाले. पिवळे पडलेले, वरचा उजवा कोपरा कात्रीने कापलेला. घरातल्याच कोणीतरी लहानपणी तिकिटे जमवण्याच्या नादात तो कापून नेला होता. पाकिटावर शिक्क्याची डावी बाजू तेवढी शिल्लक होती आणि शिक्का उर्दूत होता. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. त्यामुळे गावाच्या नावाची सुरुवात तिकिटाबरोबर गेली, तारीखही गेली. मागे राहिले नावाचे शेवटचे अक्षर, ‘ड’. आम्ही भिंग घेऊन तासभर बसलो. मुखेड, नांदेड की बीड? उर्दूत तिन्ही नावांचा शेवट सारखाच. उत्तर मिळाले नाही.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे पहिले टपालतिकीट १८६९ साली निघाले, एक आण्याचे, हिरवट रंगाचे. पुढच्या तिकिटांवर किंमत उर्दू व इंग्रजीबरोबर मराठी आणि तेलुगूतही छापलेली दिसते. १९३१ च्या मालिकेत तर चारमिनारच्या जोडीला अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार आणि दौलताबादचा मिनार आहे. ही तिकिटे संस्थानाच्या हद्दीतच चालत. पुण्याला किंवा सोलापूरला पत्र पाठवायचे तर इंग्रज सरकारचे तिकीट लागे. आजोबांच्या तोंडी ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे शब्द ज्यांनी ऐकले असतील, त्यांना या दुहेरी कारभाराची कल्पना येईल. नाणी दोन, तशी टपालखातीही दोन. १९५० साली संस्थानाचे टपालखाते भारतीय टपालखात्यात विलीन झाले.

तिकिटावर शिक्का का मारतात? एकदा वापरलेले तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून. हे वाटते तितके सोपे नव्हते. मे १८४० मध्ये इंग्लंडात जगातले पहिले टपालतिकीट वापरात आले, ते काळे होते आणि त्यावर लाल शाईचा शिक्का मारत. काही लोक तो पुसून तिकीट पुन्हा चिकटवू लागले! शेवटी १८४१ मध्ये तिकीट तांबडे केले आणि शिक्का काळा. पुसता न येणारी शाई शोधणे हा रसायनशास्त्राचा प्रश्न होता. भारतात १८५४ च्या ऑक्टोबरात देशभर चालणारी तिकिटे आली. सुरुवातीच्या अनेक शिक्क्यांत गावाचे नाव नसे, नुसता आकडा असे. कोणता आकडा कोणत्या कचेरीचा, हे संशोधकांनी अखंड पाकिटे पाहून जुळवले. मुंबईचे जाल कूपर यांचे या प्रारंभीच्या शिक्क्यांवरचे काम प्रसिद्ध आहे. सुटे तिकीट एवढी माहिती देत नाही, कारण पत्ता, पोहोचल्याचा शिक्का, मागची नोंद हे सारे पाकिटावर असते.

संस्थानी शिक्क्यांवर फसली सन आढळतो. उत्तरकाळात हे वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळासाठी फसली सनात ५९० मिळवावेत, जानेवारीपासून पुढे ५९१. आबान १३५७ म्हणजे साधारण सप्टेंबर १९४८, पोलीस कारवाईचा महिना. त्या महिन्यातले एखादे पाकीट मिळाले तर पोहोचल्याच्या शिक्क्यावरून कळेल की त्या धामधुमीत पत्राला किती दिवस लागले. ही वजाबाकी सातवीचा विद्यार्थीही करील.

बनावट तिकिटे पुष्कळ निघतात. नोटा तपासण्याचा जांभळा दिवा बऱ्याच दुकानांत असतो. त्याच्या अतिनील प्रकाशात आजचा पांढराशुभ्र कागद निळसर चमकतो, कारण त्यात चमक आणणारी रसायने घातलेली असतात. ही रसायने विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कागदात आली. १८७१ चे म्हणून दाखवलेले तिकीट असे चमकू लागले तर संशय घ्यावा. मात्र चमकले नाही म्हणजे खरेच, असे नव्हे. जुन्या कोऱ्या कागदावरही लबाडी करता येते. पुसट तांबडा शिक्का हिरव्या जिलेटिन कागदातून पाहिला तर गडद दिसतो. लाल प्रकाश हिरव्या कागदातून पलीकडे येत नाही, एवढेच त्यामागचे कारण. वर्गात करून पाहण्यासारखे आहे.

हैदराबादची कमी किमतीची सुटी तिकिटे आजही थोड्या पैशांत मिळतात. लहान गावाचा वाचता येणारा शिक्का असलेले पाकीट मात्र सहजी मिळत नाही. मराठवाड्यात वाडे पडताहेत, ट्रंका रद्दीत जाताहेत. विद्यार्थ्यांना घरी जुनी पाकिटे शोधायला सांगाल तेव्हा आधी कात्री दूर ठेवायला सांगा. तिकीट पाण्यात भिजवून काढू नये, चिकटपट्टी लावू नये, पाकिटावर पेनाने काही लिहू नये. दोन्ही बाजूंचा फोटो काढावा आणि ते कोणाच्या घरून आले हे वेगळ्या वहीत टिपावे.

आमच्या मित्राने आता नात्यातल्या सगळ्यांना त्या तिकिटांच्या वहीबद्दल विचारणे सुरू केले आहे. कापलेला कोपरा त्या वहीत अजून असला, तर नावाची सुरुवातही सापडेल.