थंडीची भाजी ऑक्टोबरात ठरते

परतीचा पाऊस थांबला की परसबागेकडे बघवत नाही. हरळी आणि लव्हाळा माजलेला, दोडक्याचा वेल पिवळा पडलेला, भेंडीवर केवडा, आणि पावसाचा मारा खाऊन माती चोपून बसलेली. त्यात ऑक्टोबरचं ऊन. पण डिसेंबरात घरची मेथी, गाजर, मटार हवे असतील तर कामाला लागायची वेळ हीच.

आधी वाफसा बघावा. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. फुटून विखुरला तर कुदळ घ्या. नुसताच चपटा झाला तर दोन दिवस थांबा. ओली माती खणली की ढेकळं होतात आणि वाळल्यावर ती दगडासारखी घट्ट बसतात. वीतभर खोल खणून लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढा. वरवर खुरपलं तर तो पुन्हा डोकं काढतोच. खणलेली माती आठवडाभर तापू द्या. जमिनीतल्या अळ्या आणि कोष उघडे पडतात, साळुंक्या ते टिपतात.

मग शेणखत, चौरस मीटरला दोन-अडीच किलो, पण पुरतं कुजलेलं. कच्च्या शेणाबरोबर हुमणी येते आणि गाजर-मुळ्याला फाटे फुटतात. सोबत मूठभर निंबोळी पेंड. वाफे मीटरभर रुंद ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि माती तुडवावी लागत नाही. वांग्याच्या जागी टोमॅटो लावू नका. कूळ एक, रोगही तेच. तिथे वाटाणा, वाल किंवा मेथी घ्या. त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात.

कोबी, फ्लॉवर, टोमॅटोची रोपं चार-पाच आठवड्यांची झाली की लावायची. नवरात्रात बी टाकायचं राहिलं असेल तर सरळ रोपवाटिका गाठा. फ्लॉवरचं वाण हंगाम विचारूनच घ्या. लवकर येणारं वाण उशिरा लावलं की गड्डा लिंबाएवढाच राहतो. गाजर-मुळा मात्र जागेवरच पेरायचा, कारण उपटून लावलेलं मूळ सरळ वाढत नाही. धणे रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. आठ-दहा दिवसांत कोथिंबीर वर येते. वाटाण्याची घाई करू नये. उकाड्यात त्याची फुलं गळतात, म्हणून ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हा त्याचा काळ.

पुढचं गावच्या थंडीवर अवलंबून. निफाडसारख्या भागात पारा दहा अंशांखाली गेला की टोमॅटोची वाढ अडते. कडाक्याच्या रात्री येणार असतील तर संध्याकाळी वाफ्याला हलकं पाणी द्यावं. ओली माती दिवसाची ऊब जास्त वेळ धरते. कोकणात थंडी सौम्य, तिथे चिंता ओलाव्याची. भातकापणी झाली की उरलेल्या ओलीवरच वाल पेरतात. 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदाही भातानंतरच शेतात येतो. परसात हीच ओल टिकवायला वाफ्यांवर पाचट किंवा वाळका पाला पसरा. पालापाचोळा जाळू नका.

ढगाळ हवेत मावा दिसला तर लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळ्यांचा अर्क फवारा, तोही संध्याकाळी.

आणि सगळं बी एकदम पेरू नका. मेथी, पालक, कोथिंबीर दर पंधरा दिवसांनी एकेक वाफा अशी टाका. नाहीतर एका आठवड्यात शेजारीपाजारी जुड्या वाटाल आणि पुढच्या आठवड्यात स्वतः मंडईत जाल.