वृंदावनांतील तुळशीची छाटणी

तुळशीस कात्री लावणें पाप, असें पुष्कळ घरीं मानतात. परंतु करमाडसारख्या कडक उन्हाच्या गांवीं न छाटलेली तुळसच लवकर वाळते, असें आमचें मत आहे. मंजिरी पिकूं दिली कीं झाडाचें बळ बीजाकडे जातें व पालवी खुंटते. म्हणून मंजिरी कोंवळी असतांनाच खुडावी. ती विष्णूस प्रिय. तेव्हां ही छाटणी पूजाच होय. शेंडा पानांच्या जोडीच्या वर खुडल्यास बेचक्यांतून दोन फांद्या फुटतात. एका वेळीं तृतीयांशाहून अधिक छाटूं नये. निष्पर्ण जून लाकडास सहसा फूट येत नाहीं. पाश्चात्त्यांची सेज तुळशीच्याच कुळांतली. तिलाही हाच नियम लागू. द्वादशी मात्र वर्ज्य करावी, म्हणजे वडीलधाऱ्यांचें मनही राहील.